रॅम घेण्याआधी लेबल वाचा

नमस्कार,

तयार संगणक न घेता एकेक भाग आणून मी पहिल्यांदाच डेस्कटॉप जुळवतोय. माझं काम हिशेबाचं. मुलीला व्हिडिओ एडिटिंग शिकायचंय, अधूनमधून ती गेमही खेळेल. बजेट ताणलेलं आहे, त्यामुळे वेगळं ग्राफिक्स कार्ड आत्ता शक्य नाही. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर आणि चार स्लॉटचा बी४५० बोर्ड घेऊन झालाय, अडलंय ते रॅमवर. ऑफिसातल्या मोडीत काढलेल्या मशीनची ८ जीबीची एक स्टिक माझ्याकडे आहे. तिच्यावर '८जीबी १आरएक्स८ पीसी४-२४००टी-यूए२-११' असं छापलंय. तिच्या जोडीला आणखी एक ८ जीबी घेतली तर चालेल का? दुकानदार म्हणतात, आता डीडीआर५ चे, म्हणजे रॅमच्या नव्या पिढीचे दिवस आहेत, तीच घ्या. मित्र म्हणतो, ३६०० वेगाच्या खाली बघूच नको. बोर्डाच्या कंपनीच्या यादीत नसलेली रॅम चालतच नाही, असंही कुठेतरी वाचलं. चुकीची वस्तू घेतली तर दुसऱ्यांदा पैसे काढणं जमणार नाही, म्हणून विचारतोय.

— एक वाचक

नमस्कार,

लेबल जसंच्या तसं उतरवून पाठवलंत, फार बरं केलंत. रॅमबद्दलचे निम्मे प्रश्न त्या एका ओळीत सुटतात, आणि बहुतेक लोक नेमकी तीच ओळ न वाचता पैसे मोजतात.

आधी थेट उत्तर. डीडीआर४-३२०० ची, ८ जीबीच्या दोन स्टिकची, एकाच पाकिटात आलेली जोडी घ्या. सीएल१६ मिळाली तर उत्तम (सीएल म्हणजे रॅमकडून उत्तर यायला लागणाऱ्या उशिराचा आकडा, तो पुढे सांगतो). जुनी स्टिक तिच्यात मिसळू नका. डीडीआर५ चा विषय तुमच्यापुरता संपलेला आहे, कारण ती तुमच्या बोर्डात बसतच नाही. ३६०० त्याच भावात मिळत असेल तर घ्या, तिच्यासाठी वेगळे पैसे काढू नका. आता यातलं प्रत्येक का, ते सांगतो. कारण कळलं की दुकानात ऐनवेळी वेगळाच माल समोर आला तरी निर्णय तुमचा तुम्हाला घेता येईल.

डीडीआर५ चं थोडक्यात उरकतो. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही डेस्कटॉप स्टिकना २८८ पिना असतात, त्यामुळे लांबून त्या सारख्याच वाटतात. पण पिनांच्या रांगेतली खाच वेगळ्या जागी असते. डीडीआर४ १.२ व्होल्टवर चालते, डीडीआर५ १.१ वर, आणि डीडीआर५ मध्ये वीज सांभाळणारी चिप स्टिकवरच बसवलेली असते. सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा. तुमच्या बी४५० सारखे एएम४ सॉकेटचे बोर्ड फक्त डीडीआर४ घेतात, एएम५ चे फक्त डीडीआर५. म्हणजे दुकानदारांचा सल्ला मानायचा तर बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही परत करून एएम५ वर जावं लागेल, रायझन ५ ८६००जी सारख्या चिपकडे. ते मशीन चांगलंच आहे, पण ते दुसऱ्या बजेटचं आहे. जे घेऊन झालंय त्याच्याशी जुळेल तेच आता बघायचं.

आता तुमचं लेबल. '८जीबी' म्हणजे स्टिकची क्षमता. '१आर' म्हणजे चिपांचा एकच गट, ज्याला सिंगल रँक म्हणतात. 'एक्स८' म्हणजे प्रत्येक चिप एका वेळी ८ बिट देते. अशा आठ चिपा मिळून ६४ बिट होतात, म्हणून स्टिकवर तुम्हाला आठ काळे चौकोन दिसत असतील. 'पीसी४' म्हणजे डीडीआर४. '२४००' हा वेग, आणि त्यामागचा 'टी' सांगतो की तिचा लेटन्सीचा आकडा म्हणजे सीएल १७ आहे. त्यानंतरचं 'यू' सगळ्यात महत्त्वाचं. 'यू' म्हणजे अनबफर्ड, साध्या डेस्कटॉपची रॅम. तिथे 'एस' असता तर ती लॅपटॉपची आखूड स्टिक निघाली असती. ऑफिसातल्या छोट्या डब्याच्या मशीनमध्ये पुष्कळदा तीच असते. आणि 'आर' असता तर ती सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम.

या 'आर'पाशी जरा थांबतो, कारण कमी बजेटवाला माणूस फसतो तो इथेच. जुने सर्व्हर मोडीत निघाले की त्यांची १६-१६ जीबीची डीडीआर४ रॅम फार स्वस्तात विकायला येते. खाच जुळते, स्टिक स्लॉटमध्ये व्यवस्थित बसते, लॅचही लागतात. पण तुमच्यासारख्या बोर्डावर मशीन सुरू होत नाही. ती स्टिक खराब नसते, बोर्ड आणि प्रोसेसर तिच्याशी बोलूच शकत नाहीत. ओळखायची खूण लेबलावर आहेच, शिवाय स्टिकच्या मधोमध बाकीच्या चिपांहून वेगळ्या आकाराची एक चिप दिसते. वापरलेली रॅम घ्यायला माझी मुळीच हरकत नाही. रॅममध्ये हलणारा एकही भाग नसतो, नीट हाताळली तर ती वर्षानुवर्षं चालते. फक्त विकणाऱ्याकडून लेबलाचा स्पष्ट फोटो मागवा. तो द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून घेऊ नका.

तर तुमची जुनी स्टिक अस्सल डेस्कटॉपची डीडीआर४ आहे, म्हणजे तुमच्या बोर्डात ती बसेल आणि बहुधा चालेलही. मग मी ती मिसळू नका का म्हणतो? त्याचं कारण तुमच्या प्रोसेसरमध्ये आहे.

५६००जी च्या आतच ग्राफिक्स आहे. वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर त्याची स्वतःची वेगवान मेमरी असते. तुमच्या चिपला ती चैन नाही. चित्र काढण्यासाठी, व्हिडिओची फ्रेम उलगडण्यासाठी, गेममधला प्रत्येक पोत आणण्यासाठी ती याच रॅमकडे हात पसरते, आणि त्याच वेळी प्रोसेसरचे सहा कोअरही त्याच रॅममधून काम करत असतात. एरवी रॅमचा वेग थोडा कमीजास्त झाला तर कळतही नाही. इथे मात्र रॅम किती वेगाने माल पुरवते त्यावर मुलीचा गेम अडखळणार की सरळ चालणार हे ठरतं.

हिशेबाचं काम तुमचंच आहे, म्हणून हा हिशेब मांडतो. रॅम आणि प्रोसेसर यांच्यामधल्या रस्त्याला चॅनल म्हणतात, तुमच्याकडे असे दोन आहेत. एक स्टिक एका चॅनलवर ६४ बिट म्हणजे ८ बाइट एका वेळी देते. वेगाला ८ ने गुणलं की सेकंदाला किती मेगाबाइट ते मिळतं. जुनी २४०० ची स्टिक एकटी लावली तर सेकंदाला १९.२ जीबी. ३२०० ची १६ जीबीची एकच मोठी स्टिक लावली तर २५.६. ३२०० च्या ८-८ च्या दोन स्टिक दोन चॅनलवर लावल्या तर ५१.२. क्षमता तीच १६ जीबी, पण रस्ता दुप्पट. 'आत्ता १६ ची एक घ्या, पुढे दुसरी टाका' हा सल्ला दुकानात सर्रास मिळतो आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या माणसाचं त्यात फार बिघडतही नाही. तुम्ही मात्र तो ऐकू नका. ती दुसरी स्टिक येईपर्यंत तुमचं ग्राफिक्स अर्ध्या पुरवठ्यावर चालेल.

आता तुमचा मूळ प्रश्न. जुनी २४०० आणि सोबत नवी ३२०० लावली तर दोन्ही हळू असलेल्या स्टिकच्या वेगाने, म्हणजे २४०० ने चालतात. दोन चॅनल मिळाले म्हणून आकडा होतो ३८.४. नीट बघा, ३२०० च्या एकट्या मोठ्या स्टिकपेक्षा हा आकडा वरचा आहे! म्हणजे तुमची कल्पना चुकीची नाही. हातात खरोखरच एकाच स्टिकपुरते पैसे असतील तर मी हाच मार्ग सुचवेन. पण दोन अडचणी आहेत. एक, ५१.२ आणि ३८.४ मधला फरक तुमच्या ग्राफिक्सला सरळ जाणवतो. दोन, वेगळ्या काळातल्या, वेगळ्या कारखान्यातल्या दोन स्टिक एकमेकींशी जुळतीलच याची हमी कोणीच देत नाही. जुळल्या तर छान. नाही जुळल्या तर मशीन आठवड्यातून दोनदा बंद पडून विंडोजचा चूक सांगणारा निळा पडदा दाखवतं, आणि दोष विंडोजचा, पॉवर सप्लायचा की रॅमचा हे शोधता शोधता माणूस रडकुंडीला येतो. मुलगी तासभर एडिट करत बसलेली असताना ते होऊ नये असं मला मनापासून वाटतं. एकाच पाकिटातल्या दोन स्टिक कंपनीने एकत्र चालवून पाहिलेल्या असतात. जोडीचे पैसे आपण त्यासाठी देतो.

चार स्लॉट आहेत तर नव्या दोन आणि जुनी एक अशा तीन लावू, असा मोह होईल. तोही टाळा. तिसरी स्टिक तिन्हींना २४०० वर ओढेल आणि दोन चॅनलचा तोल बिघडवेल.

नवी एकच स्टिक घेऊन जुनीशी जुळवायचं ठरवलंतच तर एक बारकावा लक्षात असू द्या. ८ जीबीच्या काही स्वस्त स्टिकवर आठऐवजी चारच चिपा असतात आणि लेबलावर '१आरएक्स८' ऐवजी '१आरएक्स१६' लिहिलेलं असतं. डीडीआर४ मध्ये एक्स१६ चिपेला बँकांचे, म्हणजे चिपेच्या आतल्या कप्प्यांचे, दोनच गट मिळतात, एक्स८ ला चार. काम वाटून घ्यायला जागा कमी, म्हणून वेग तोच लिहिलेला असूनही ती थोडी मागे पडते. जोडी घेतानाही हे बघता आलं तर बघा, पण पाकिटबंद आणि पत्रा लावलेल्या रॅमवर ते नेहमी दिसेलच असं नाही.

आता मित्राचं ३६००. रॅमवर वेगासोबत सीएल हा दुसरा आकडा असतो. मागणी केल्यापासून उत्तर यायला किती ठोके लागतात, ते तो सांगतो. खरा वेळ काढायचा तर सीएलला २००० ने गुणून वेगाने भागायचं. ३२०० सीएल१६ चे येतात १० नॅनोसेकंद. ३६०० सीएल१८ चेही बरोबर १०. म्हणजे उत्तर तितक्याच वेळात येतं, फक्त एका वेळी माल थोडा जास्त येतो, ५१.२ ऐवजी ५७.६. तुमच्या आतल्या ग्राफिक्सला त्याचा फायदा होतो हे खरं, आणि रायझन ५००० मालिकेसाठी ३६०० हा चांगला मुक्काम आहे हेही खरं. पण रायझन बनवणाऱ्या एएमडीने ५६००जी साठी अधिकृतपणे सांगितलेला वेग ३२०० आहे. त्याच्या वरचं सगळं ओव्हरक्लॉक, म्हणजे ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं, बहुतेक वेळा चालणारं, पण हमी नसलेलं. ३६०० घेऊन तो स्थिर चालला नाही तर तीच रॅम ३२०० वर चालवता येते, त्यामुळे धोका मोठा नाही. पण त्या फरकाच्या पैशात एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची वेगवान डिस्क, पुढच्या क्षमतेची मिळत असेल, तर मी डोळे झाकून एसएसडी घेईन. व्हिडिओच्या फाइली किती जागा खातात हे मुलीला पहिल्याच महिन्यात कळेल.

उलट बाजूला ३२०० सीएल२२ नावाचा प्रकार दिसेल. त्याचे १३.७५ नॅनोसेकंद होतात, म्हणजे थोडा सुस्त. पण तो १.२ व्होल्टवर, कसलीही सेटिंग न बदलता, लावल्या लावल्या ३२०० ने चालतो. ज्यांना बायोसमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये, शिरायचंच नाही त्यांच्यासाठी तो उत्तम आहे. तुम्ही स्वतः मशीन जुळवताय, तेव्हा बायोसला घाबरणारे दिसत नाही. तुम्ही सीएल१६ च बघा.

दुकानात पाकीट हातात आलं की पुढचा-मागचा मोठा आकडा सोडून द्या आणि बारीक अक्षरातला पार्ट नंबर वाचा. उदाहरणार्थ किंगस्टनची एक जोडी 'केएफ४३२सी१६बीबीके२/१६' अशी असते. केएफ म्हणजे किंगस्टन फ्युरी. पुढचा ४ म्हणजे डीडीआर४. ३२ म्हणजे ३२००. सी१६ म्हणजे सीएल१६. बीबी हे बीस्ट मालिकेचं आणि काळ्या रंगाचं. 'के२' म्हणजे दोन स्टिकची जोडी, आणि तिरक्या रेघेनंतरचे १६ म्हणजे दोन्ही मिळून १६ जीबी. हे 'के२' नसेल आणि शेवटी १६ असेल तर हातात आहे ती १६ जीबीची एकटी स्टिक. दोन्हींवर '१६ जीबी ३२००' असंच ठळक लिहिलेलं असतं, भावही जवळपास असतो, आणि घरी येऊन पाकीट फोडल्यावर कळतं. कॉर्सेअरच्या नंबरात हेच काम 'एम१' किंवा 'एम२' करतं, जीस्किलच्या नंबरात 'एस' किंवा 'डी'. पाकीट फोडण्याआधी एवढी एक जागा तपासाच.

यादीचं म्हणाल, तर बोर्डाच्या कंपनीची क्यूव्हीएल म्हणजे त्यांनी स्वतः लावून पाहिलेल्या रॅमची नोंद. तिच्यात असलेली रॅम त्या वेगाने चालली होती, एवढं ती सांगते. नसलेली चालत नाही, असं ती कुठेही म्हणत नाही. बाजारात रॅम शेकड्यांनी येतात, कंपनी त्यातल्या मोजक्या तपासते, आणि बोर्ड जुना झाला की यादीत भर घालणंही थांबतं. मी ती अशी वापरतो: यादीतलं काही सहज मिळत असेल तर तेच घ्यायचं. नाही तर रॅमच्या कंपनीच्या साइटवर आपल्या बोर्डाचं नाव टाकून बघायचं. मोठ्या कंपन्या तशी उलटी यादी ठेवतात. दोन्हीकडे नसेल, तर दुकानदारांकडून परतीची मुदत पावतीवर लिहून घ्यायची. ३२०० च्या साध्या दोन स्टिकसाठी तुम्हाला याहून जास्त खोलात जावं लागणार नाही. जुन्या, पहिल्या पिढीच्या रायझनवर ही काळजी फार करावी लागायची. त्या काळातल्या तक्रारी अजून वाचायला मिळतात आणि लोक उगाच धास्तावतात.

बोर्डाबद्दल मात्र एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगायलाच हवी. बी४५० बोर्ड २०१८ पासूनचे आहेत आणि ५६००जी आला २०२१ मध्ये. जुन्या बायोसचा बोर्ड हा प्रोसेसर ओळखत नाही. पंखे फिरतात, दिवे लागतात, स्क्रीन काळी. आणि अशा वेळी जो तो पहिला संशय रॅमवर घेतो, बिचारी चांगली रॅम परत जाते, दुसरी येते, तीही 'चालत नाही'. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलखाली प्रोसेसरांची यादी असते, तिथे ५६००जी समोर कोणत्या क्रमांकाचा बायोस लागतो ते लिहिलेलं असतं. तुमच्या बोर्डात तो आहे का, हे खोक्यावरच्या स्टिकरवरून किंवा दुकानदारांकडून आजच विचारून घ्या. नसेल तर अपडेट त्यांच्याकडूनच करून घ्या. काही बोर्डांवर प्रोसेसर न लावताही पेन ड्राइव्हने बायोस बदलायची सोय असते, मागच्या बाजूला त्यासाठी एक छोटं बटण असतं.

इंटेलचं मशीन जुळवणारे वाचकही हे वाचत असतील, त्यांच्यासाठी थोडं. बाराव्या ते चौदाव्या पिढीचे प्रोसेसर डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही चालवतात, पण एक बोर्ड दोन्हीपैकी एकच घेतो. एकाच नावाचे दोन बोर्ड मिळतात आणि फरक असतो तो शेवटी 'डी४' आहे की नाही एवढाच. एच६१० बोर्डावर रॅम ओव्हरक्लॉक होत नाही. आय३-१२१०० सारख्या चिपसोबत डीडीआर४ घेताना ३२०० च्या वर दिलेला प्रत्येक पैसा तिथे वाया जातो.

आता जोडणी. चार स्लॉटपैकी दोनच भरायचे, तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजत दुसरा आणि चौथा. बोर्डावर शेजारी बारीक अक्षरात ए२ आणि बी२ छापलेलं असतं. मॅन्युअलमध्ये एकदा खात्री करा. शेजारशेजारचे पहिले दोन स्लॉट भरले तर बहुतेक बोर्डांवर दोन्ही स्टिक एकाच चॅनलवर जातात आणि वर मांडलेला ५१.२ चा सगळा हिशेब पाण्यात जातो, तक्रारीचा एकही संदेश न येता. मशीनची वायर काढून, केसच्या उघड्या धातूला हात लावून मग स्टिक उचला. खाच जुळवा आणि दोन्ही टोकांवर अंगठ्याने सरळ दाबा, कट् असा आवाज येईपर्यंत. पहिल्यांदा करणाऱ्याला लागणारा जोर जरा जास्त वाटतो. अर्धवट बसलेली स्टिक हे मशीन सुरू न होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

मशीन सुरू झालं की पहिल्यांदा ३२०० ची रॅम ३२०० ने चालणार नाही. २१३३, २४०० किंवा २६६६ असं काहीतरी दिसेल. रॅम नकली नाही. सीएल१६ चा वेग हा स्टिकवरच्या एका छोट्या चिपेत प्रोफाइल म्हणून साठवलेला असतो आणि तो आपण हाताने सुरू करायचा असतो. सुरू होताना डिलीट की दाबत राहा, बायोस उघडेल. तिथे एक्सएमपी नावाचा पर्याय शोधा. काही कंपन्या एएमडीच्या बोर्डावर त्याला डीओसीपी म्हणतात, काही ए-एक्सएमपी. प्रोफाइल निवडलं की रॅमचं व्होल्टेज १.३५ झालेलं दिसेल, ते तसंच असायला हवं. एफ१० दाबून जतन करा. कितीतरी लोक वेगवान रॅम घेतात आणि हे एक काम न केल्यामुळे वर्षानुवर्षं ती २१३३ वर चालवतात. मला त्याची फार हळहळ वाटते, पैसे तर पूर्ण दिलेले असतात.

बायोसमध्ये आहातच तर ग्राफिक्ससाठी किती रॅम राखून ठेवायची तेही बघा. यूएमए फ्रेम बफर अशा नावाने तो पर्याय असतो. एडिटिंग आणि गेमसाठी २ जीबी ठेवा. मग विंडोजमध्ये १६ जीबीपैकी साधारण १३.९ वापरण्याजोगी दिसेल. उरलेली ग्राफिक्सने घेतली आहे, कुठे हरवलेली नाही. याच कारणासाठी तुम्हाला १६ च्या खाली जाऊ नका म्हणतो. ८ मधून २ गेली तर एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडून ब्राउझर उघडला की मशीन दम टाकायला लागेल. ३२ जीबीची, १६-१६ ची जोडी परवडली तर मुलीला ती पुढे खूप उपयोगी पडेल, पण आज त्यासाठी कर्ज काढू नका. स्लॉट चार आहेत. पुढे तशाच पार्ट नंबरची दुसरी जोडी टाकता येईल. एकाच नंबराखाली कंपन्या मधूनच चिपा बदलतात आणि चार स्टिकचा भार प्रोसेसरवर जास्त पडतो, त्यामुळे तेव्हा वेग ३२०० वरून थोडा उतरवावा लागू शकतो, एवढी तयारी ठेवा.

विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समधल्या मेमरीवर क्लिक करा. वेग ३२०० आणि वापरलेले स्लॉट ४ पैकी २, असं दिसायला हवं. सीपीयू-झेड नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर तुम्हाला १६०० दाखवेल आणि तुमच्या पोटात गोळा येईल. घाबरू नका, ते घड्याळाचे ठोके मोजतं. डीडीआरमध्ये प्रत्येक ठोक्याला दोनदा माल जातो, म्हणून १६०० दुणे ३२००. तिथेच चॅनलच्या रकान्यात ड्युअल किंवा २ गुणिले ६४ बिट लिहिलं आहे ना, तेही बघून घ्या.

आणि विंडोज व मुलीच्या फाइली घालण्याआधी एक रात्र मशीन मेमटेस्ट८६+ वर सोडा. मोफत आहे, पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन सुरू करायचं. सकाळी चुकांच्या रकान्यात शून्य हवं. एक-दोन चालतील असं नसतं. एक चूकसुद्धा पुढे एखाद्या प्रोजेक्टची फाइल गुपचूप खराब करू शकते. चूक दिसली तर आधी एक्सएमपी बंद करून पुन्हा चालवा. तेव्हा शून्य आलं तर रॅम साध्या वेगाला ठीक आहे, प्रोफाइल तिला किंवा बोर्डाला झेपत नाही. वेग ३००० करून बघा किंवा परतीच्या मुदतीत जोडी बदलून घ्या. बंद करूनही चुका आल्या तर एकेक स्टिक ए२ मध्ये एकटी लावून तपासा. चुका एकाच स्टिकच्या मागे लागल्या तर दोष तिचा. दोन्हींवर आल्या तर दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा, दोष स्लॉटचा किंवा बोर्डाचा असू शकतो. इथे तुमची जुनी २४०० ची स्टिक फार कामाला येईल: ती ए२ मध्ये स्वच्छ चालली आणि नवी चालली नाही, तर दुकानात वाद घालायला आणखी पुरावा लागत नाही. परत देताना मात्र एकच स्टिक देऊ नका, पाकिटासकट दोन्ही द्या आणि जोडीच्या बदल्यात जोडीच घ्या.